विश्लेषण : रोमन जगाला ठाऊक असलेले ‘तगर’ आज तेरमध्ये कुठे पाहायचे?

युरोपच्या सहलीत रोम हा ठरलेला मुक्काम असतो. कोलोसियम, फोरम, पँथिऑन पाहून पर्यटक दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीत फिरून आल्याचे समाधान मिळवतात. त्याच काळात भरभराटीला आलेले आणि त्याच रोमन जगाशी व्यापाराने जोडलेले एक शहर धाराशिव जिल्ह्यात होते. त्याचे तेव्हाचे नाव तगर, आजचे तेर. तेरला जाणाऱ्याला मात्र शहर दिसत नाही. दिसते ते तेरणा नदीकाठचे एक मोठे गाव, काही जुनी मंदिरे, संत गोरोबाकाकांची समाधी आणि एक संग्रहालय. मग ते शहर गेले कुठे? जे उरले ते कसे पाहायचे? आणि जमिनीखाली आहे ते टिकवायचे कसे?

तगरचा उल्लेख कुठे आढळतो?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पुस्तिकेत तगरची माहिती मिळते. लेखकाचे नाव कुठेच नाही, पण तो इजिप्तमध्ये राहणारा, समुद्री व्यापाराची खडान्खडा माहिती असलेला माणूस असावा, असे अभ्यासक मानतात. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय मिळते, वारे कधी अनुकूल असतात, अशी व्यवहारी माहिती त्याने दिली आहे.

त्यात बॅरिगाझा, म्हणजे आजचे गुजरातमधील भरुच, या बंदराचे वर्णन आहे. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधे सुती कापड, तलम मलमलीचे प्रकार व इतर माल बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरुचला येतो, असेही तो लिहितो. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही आपल्या ग्रंथात तगरची नोंद केली आहे.

तगर म्हणजेच तेर, हे कसे ठरले?

नाव ग्रंथांत होते, जागा मात्र विसरली गेली होती. एकोणिसाव्या शतकात कोणी तगर म्हणजे देवगिरी म्हणत होते, कोणी जुन्नर. पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी करून तिथल्या प्राचीन अवशेषांची नोंद केली.

नावाचा पुरावा मराठी माणसाला सहज पटेल असा आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून पडतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ होते. संगमनेर, पारनेर, अमळनेर या नावांतला ‘नेर’ तोच. त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’ झाले. पैठणपासूनच्या अंतराचा हिशेबही बैलगाडीच्या वेगाशी जुळतो.

आणखी एक धागा शिलालेख व ताम्रपटांत आहे. कोकण आणि कोल्हापूर भागांत राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, म्हणवत. तगरपासून शेकडो किलोमीटर दूर आणि पेरिप्लसनंतर हजार वर्षांनी राज्य करणाऱ्या घराण्याला या गावाच्या नावाने मिरवावेसे वाटे, यावरून त्याचा दबदबा लक्षात येतो.

तेरचे कापड रोमन बाजारात कसे जाई?

तगरचा माल आधी पैठणला, तिथून भरुचला जाई. तिथून अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातील इजिप्तच्या बंदरांत पोहोचे. पुढे उंटांवरून वाळवंट, मग नाईल नदीतून अलेक्झांड्रिया आणि शेवटी भूमध्य समुद्रातून इटली. मोसमी वाऱ्यांची लय खलाशांना उमगल्यामुळे हा प्रवास शक्य झाला होता. इजिप्तहून निघणारी जहाजे साधारण जुलैत सुटत आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर भारताचा किनारा गाठत. मराठवाड्यात ज्या वाऱ्यांची शेतकरी वाट पाहतो, त्याच वाऱ्यांवर रोमन जगाचा भारताशी व्यापार चाले.

परतीच्या मालात काय असे, तेही पेरिप्लसमध्ये आहे. भरुचच्या बंदरात इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी उतरत. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, साम्राज्याबाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने केली आहे. दख्खनवर तेव्हा सातवाहनांची सत्ता होती.

रोमन व्यापारी स्वतः तेरच्या पेठेत येऊन बसत होते, असा मात्र याचा अर्थ नाही. माल अनेक हातांतून जाई आणि रोमन वस्तूही तशाच हातोहात इथे पोहोचत.

जमिनीखालून काय निघाले?

तेरमध्ये १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांतही उत्खनने झाली. त्यांतून सातवाहन काळातील वस्तीचे थर आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. उत्खननांत आणि गावाच्या परिसरात सापडलेल्या वस्तूंमध्ये मणी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू, नाणी आणि खापरे आहेत. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या पोकळ मूर्ती ही तेरची खासियत. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन जगातून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

रोमन नाण्यांच्या धर्तीवर बनवलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. रोमन सम्राटाचा मुखवटा त्या वेळी तेरच्या लोकांना दागिना म्हणून गळ्यात घालावासा वाटत होता, असे त्यावरून दिसते. ॲम्फोरा या उंच, दोन कानांच्या रांजणाचे तुकडेही इथे सापडतात. भूमध्य समुद्राकाठची दारू आणि तेल अशा रांजणांतून जगभर जाई.

रोम शहरात मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी संपूर्णपणे फुटक्या ॲम्फोरांची बनलेली आहे. तेल ओतून घेतल्यावर रिकामे रांजण तिथे टाकले जात. त्यांची संख्या पाच कोटींहून अधिक असावी, असा अंदाज आहे. तिथे ज्या खापरांचा डोंगर झाला, तसल्याच रांजणांचे मोजके तुकडे तेरला संग्रहालयाच्या कपाटात जपले जातात.

पाँपेईची हस्तिदंती मूर्ती तेरची होती का?

रोमच्या दक्षिणेला नेपल्सजवळ पाँपेई हे शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाणारी ही मूर्ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असे अनेकांचे मत आहे. शहर ज्या वर्षी गाडले गेले ते वर्ष ठाऊक असल्यामुळे मूर्ती त्याआधीच इटलीत पोहोचली होती, एवढे नक्की सांगता येते.

तिच्याशी जवळचे साम्य असलेली छोटी हस्तिदंती मूर्ती तेरला सापडली. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती आजच्या मराठवाड्यातील कारागिरांनी घडवली असावी, असा तर्क मांडला जातो. दुसरीकडे, तिच्यावर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी वायव्य भारतातली. त्यामुळे ‘मूर्ती तेरचीच’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण या तिन्ही वस्तू एकाच कलापरंपरेतील दिसतात.

तेरमध्ये काय पाहावे?

सुरुवात संग्रहालयापासून करावी. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. ज्या काळात अशा वस्तूंना गावात कोणी विचारत नव्हते, त्या काळात त्यांनी त्या जपल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय उभे राहिले. तिथे हजारो वस्तू आहेत. त्या आधी पाहिल्या, तर नंतर गावात फिरताना पायाखाली काय आहे याची कल्पना येते. जाण्यापूर्वी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा.

दुसरा टप्पा त्रिविक्रम मंदिर. बाहेरून पाहताना त्याची मागची बाजू नीट न्याहाळावी. ती चौकोनी नसून अर्धगोल आहे आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार आहे. कार्ले किंवा भाजे येथील लेण्यांतला चैत्य पाहिलेल्यांना हा आकार लगेच ओळखू येईल. फरक इतकाच की तिथे तो डोंगरात कोरला आहे आणि इथे विटांनी बांधला आहे. अशा विटांच्या वास्तू देशात फारच थोड्या उरल्या आहेत. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्स यांचे मत होते. त्याविषयी आणि काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आज आत त्रिविक्रमाची, म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या विष्णूची मूर्ती आहे आणि पूजा चालू आहे.

तिसरे उत्तरेश्वर मंदिर, तेही विटांचे. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा संग्रहालयात ठेवली आहे. आपल्या हवेत, वाळवीच्या मुलखात, इतके जुने लाकडी कोरीवकाम टिकणे हे नवलच. त्यामुळे मंदिर आणि संग्रहालय दोन्ही पाहिल्याशिवाय उत्तरेश्वर पुरते पाहून होत नाही.

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, ही गोष्ट गावात आवर्जून सांगितली जाते. यात चमत्कार नाही. विटेच्या मातीत भाताचा कोंडा, भुसा असे काही मिसळले की भट्टीत ते जळून जाते आणि विटेत असंख्य बारीक छिद्रे राहतात. अशी वीट हलकी होते आणि उंच बांधकामावर भार कमी पडतो.

शेवटी गोरोबाकाकांची समाधी. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन असलेले संत गोरा कुंभार इथले. थापटण्याने संतांची डोकी थापटून कोणते मडके कच्चे हे सांगणाऱ्या गोरोबांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ज्या गावच्या खापरांनी इतिहासकारांना दोन हजार वर्षांचा हिशेब दिला, त्याच गावचा सर्वांत मोठा माणूस कुंभार असावा, हा सुरेख योग आहे. चैत्रातल्या यात्रेला इथे वारकऱ्यांची गर्दी होते.

जिल्ह्यात तुळजापूरला दर्शनासाठी येणारे भाविक धाराशिव शहराजवळची लेणी, नळदुर्गचा किल्ला आणि तेर अशी जोड देऊ शकतात. धाराशिव रेल्वेस्थानक कुर्डुवाडी–लातूर मार्गावर आहे आणि तिथून तेरला रस्त्याने जाता येते.

रोममध्ये जे दिसते, ते तेरमध्ये का दिसत नाही?

पहिले कारण बांधकामाचे साहित्य. रोमच्या मोठ्या वास्तू दगड, भाजलेल्या विटा आणि चुना व ज्वालामुखीची राख मिसळलेल्या काँक्रीटच्या होत्या. तेरमध्ये विटा, माती आणि लाकूड वापरले गेले. वस्ती उठली की मातीची भिंत दोन-चार पावसाळ्यांत ढासळते आणि तिचे टेकाड होते.

दुसरे कारण वापराचे. रोममधले पँथिऑन दुसऱ्या शतकातले असूनही जवळजवळ अखंड आहे, कारण ६०९ मध्ये त्याचे चर्च झाले आणि तिथे प्रार्थना चालू राहिली. ज्या इमारतींना कोणी वाली उरला नाही, त्यांचे दगड लोकांनी काढून नेले. खुद्द कोलोसियमचा दगड शतकानुशतके नव्या इमारतींसाठी वापरला गेला. तेरमध्येही हेच घडले. त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही मंदिरे उभी राहिली, कारण तिथे दिवा लागत होता. स्तूप मातीखाली गेला.

तिसरे कारण उत्खननाचे. आज पर्यटक ज्या फोरममधून हिंडतात, ती जागा एके काळी मातीने भरलेली होती आणि तिथे गुरे चरत. रोमचे लोक तिला ‘काम्पो व्हाच्चिनो’, म्हणजे गाईंचे रान, म्हणत. एकोणिसाव्या शतकात पद्धतशीर उत्खनन सुरू झाल्यावर ती हळूहळू मोकळी झाली. आजही तिथे मेट्रोचा बोगदा खणला की जुने शहर लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हान्नी मेट्रो स्थानकात खोदकामात मिळालेल्या वस्तूच मांडून ठेवल्या आहेत. तेरच्या मानाने तिथे खर्च झालेला पैसा आणि काळ कितीतरी जास्त आहे, पण सुरुवात दोन्हीकडे गुरांच्या रानापासूनच झाली.

जे जमिनीखाली आहे, त्याला धोका कशाचा?

गावगाड्याच्या भाषेत जमिनीचे दोन प्रकार असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठून वस्तीची जमीन पांढुरकी होते. गाव उठले तरी ‘पांढर’ हे नाव त्या टेकाडाला चिकटून राहते. तेरच्या परिसरात अशी टेकाडे आहेत आणि आजच्या गावाचा काही भाग जुन्या वस्तीवरच बसला आहे.

मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर पांढरीची माती टाकण्याची जुनी रीत आहे. ती पाऊस धरून ठेवते, छत गळू देत नाही. शेतात खत म्हणूनही ती नेली जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण टोपली-टोपलीने टेकाड कमी होत जाते. आता त्यात पायाखोदाई, जेसीबी आणि सपाटीकरणाची भर पडली आहे. टोपलीने ज्या कामाला वर्ष लागे, ते यंत्राने एका दिवसात होते.

नुकसान नुसत्या वस्तूंचे होत नाही. वस्ती थरांनी वाढते. खालचा थर जुना, वरचा नवा. एखादा मणी कोणत्या थरात, कोणत्या नाण्याजवळ, कोणत्या खापरासोबत होता, यावरून त्याचे वय आणि उपयोग ठरतो. माती उपसली की मणी राहतो, पण त्याचा पत्ता पुसला जातो. लामतुरे संग्रहातील अनेक वस्तूंबाबत हीच अडचण आहे. त्या अस्सल आहेत, अनमोल आहेत. पण नेमक्या कोणत्या थरातल्या, हे पद्धतशीर उत्खननातल्या वस्तूंशी ताडूनच ठरवावे लागते. जुनी वस्ती शाबूत असेल तरच असे उत्खनन पुढेही करता येईल.

जमिनीत काही सापडले, तर काय करावे?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही सूचना लेखी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची असते. पुरावस्तूंच्या निर्यातीला आणि विक्रीला १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने बंधने घातली आहेत. कळवले की घर किंवा शेत गेलेच, अशी भीती गावोगावी असते आणि म्हणून अनेक वस्तू गुपचूप फेकल्या किंवा विकल्या जातात.

पायाखोदाईत जुन्या विटांची भिंत, खापरांचा खच किंवा मणी लागले, तर वस्तू आहे तिथेच ठेवून मोबाइलवर जागेसह छायाचित्र काढावे आणि तलाठी, तहसील कार्यालय किंवा संग्रहालयाला कळवावे. पर्यटकांसाठी नियम आणखी साधा आहे : पांढरीवर दिसलेले खापर उचलून खिशात घालू नये. दहा जणांनी एकेक मणी नेला, तर पुढच्या अभ्यासकाला रिकामी माती मिळते.

तेरला फोरमसारखे खांब नाहीत आणि कोलोसियमसारखी भिंत नाही. जे आहे ते संग्रहालयातल्या कपाटांत, दोन मंदिरांच्या विटांत आणि न खणलेल्या पांढरीत. पहिले दोन पाहायला एक दिवस पुरतो. तिसरे पाहण्याची संधी पुढच्या पिढीला मिळणार की नाही, हे मात्र तेरच्या शिवारात आज माती कोण आणि कशासाठी उचलतो, यावर ठरणार आहे.